आधी दोन माणसं शोधा, सेट नंतर बघू

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. वय ४४, सांगलीत विश्रामबागला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, कॉलेजात तीन वर्षं गॅदरिंगला ड्रम्स वाजवले, त्यानंतर बावीस वर्षं काठी हातात नाही. मुलगी शिकायला पुण्याला गेली, तिची खोली रिकामी झाली, ७० हजार रुपये बाजूला ठेवलेत. आता खरा सेट घ्यावा की इलेक्ट्रॉनिक, आणि रोज तासभर घासलं तर वर्षभरात एखाद्या ऑर्केस्ट्रात बसता येईल का, असं विचारताय. शिवाय शेवटच्या ओळीत, सहज लिहावं तसं लिहिलंय की डाव्या मनगटात कधीकधी कळ येते.

सेटचं उत्तर देतो, पण जरा दमानं. कारण पुढं काय होतं ते मी पाहिलंय. सेट येतो, रिकाम्या खोलीत मांडला जातो, पहिले पंधरा दिवस पाहुण्यांना दाखवला जातो. तीन महिन्यांनी त्याच्या स्टँडवर टॉवेल वाळत असतात. सांगलीत असे चार सेट माझ्या माहितीत आहेत, त्यातले दोन मीच निम्म्या किमतीत उचलले. त्या माणसांचे हात वाईट नव्हते. त्यांना वाजवायला सोबत कुणी नव्हतं, एवढंच. तंबोरा लावून एकटा गाणारा सबंध संध्याकाळ काढू शकतो. ड्रम्सवाल्याला एकट्यानं वाजवायचं म्हणजे वऱ्हाडाशिवाय वरात. तुमच्या लिहिण्यात सेट आहे, खोली आहे, पैसे आहेत, वेळ आहे. ज्याच्या गाण्याला तुम्ही ठेका धरणार तो माणूस कुठंच नाही. तुमची खरी अडचण मला तिथं दिसते.

मी कोण हे सांगायला हवं, नाहीतर हा कोण शहाणा असं वाटेल. साखर कारखान्यात टाइम ऑफिसला ३४ वर्षं काढली. रात्री ड्रम्स. त्यामुळं ‘दिवसा टाइमकीपर, रात्रीही टाइमकीपर’ ही चेष्टा निवृत्तीच्या कार्यक्रमातसुद्धा ऐकली. सुरुवात गावच्या बेंजो पार्टीत साइड ड्रमपासून. त्याच्याही आधी हलगी, घुमकं आणि कैताळ ऐकत मोठा झालो, त्यामुळं कानात पहिला ठेका तो. मग मंडळांचे गणपती, चैत्र-वैशाखातल्या जत्रा, तासगाव, विटा, जत, कवठेमहांकाळ, इस्लामपूर अशा सुपाऱ्या. आमच्या पिढीत सेटला ‘जाझ’ म्हणायचे. ‘जाझ कोण आणणार?’ असं विचारलं की सेट कुणाचा एवढाच अर्थ. त्याचा जाझ संगीताशी काडीचा संबंध नव्हता. मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोऱ्याची खुंटी, घोडी, पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेला भोपळा, सगळं मिळतं. झांजेखालचा फेल्टचा वॉशर मात्र मिळत नाही. तो मी चपलेच्या सोलमधून कापून लावत आलो. सांगायचं ते एवढंच, मी फार मोठा वादक नाही. पण चाळीस वर्षं लोकांनी मला परत बोलावलं, आणि ते कशामुळं हे मला पक्कं माहीत आहे.

ते समजलं ते १९८८ सालच्या एका जत्रेत, विट्याकडच्या एका गावात. मी सव्वीस वर्षांचा, हात सुटलेला, काठ्या फिरायच्या. लावणी गाणाऱ्या बाईंच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी मी एक रोल, म्हणजे काठ्यांची सलग झड, टाकत होतो, टॉमवरून, म्हणजे सेटमधल्या लहानमोठ्या ड्रमवरून, खाली उतरत झांजेवर संपवायचो. पब्लिक शिट्ट्या मारत होतं. मला वाटलं मैदान मारलं. कार्यक्रम संपल्यावर आमचे ढोलकीवाले, आयुष्य तमाशात गेलेले, कवलापूरकडचे, म्हणजे काळू-बाळूंच्या गावाकडचे, टेम्पोच्या फाळक्यावर बसून तंबाखू मळत होते. मला म्हणाले, “बाई दम कुठं घेणार रं? तू तिच्या दमाच्या जागंवर काठ्या आपटतुयास.”

मी चिडलो. पण दुसऱ्या रात्री मुद्दाम बघितलं. बाई ओळ संपवून खरोखरच पाऊण मात्रेत छाती भरून घेत होत्या, आणि तिथं माझा रोल आला की पुढची ओळ घाईनं उचलत होत्या. त्यांची लय माझ्यामुळं पुढं पळत होती आणि मी म्हणत होतो बाई पळतायत. त्या रात्री मी एकही रोल टाकला नाही. किक (पायानं वाजवायचा मोठा ड्रम), स्नेअर (समोरचा कडक आवाजाचा ड्रम), हाय-हॅट (पायानं उघडझाप होणारी झांजांची जोडी), बस. बाई काही बोलल्या नाहीत. पुढच्या वर्षी मात्र त्यांनी पार्टीवाल्याला विचारलं, गेल्या वर्षीचाच जाझवाला आहे ना?

याला तुम्ही अनुभवी माणसाचं कौतुक समजाल, म्हणून दुसरं एक उदाहरण देतो. चार्ली वॉट्स. जानेवारी १९६३ मध्ये रोलिंग स्टोन्स या इंग्रज रॉक बँडमध्ये ड्रमर म्हणून गेला, त्याआधी लंडनला जाहिरात कंपनीत ग्राफिक डिझायनरची नोकरी करत होता, म्हणजे आपल्यासारखाच नोकरीवाला वादक. त्याचे जुने व्हिडिओ बघा आणि फक्त उजवा हात बघा. स्नेअरवर डावा हात पडतो तेव्हा उजवा हाय-हॅटवरून उचललेला असतो. बाकीचे ड्रमर तिथं दोन्ही एकत्र मारतात. तो ती जागा सोडून देतो, म्हणून स्नेअरचा ठोका मोकळा ऐकू येतो. २०२१ मध्ये ८० व्या वर्षी गेला तोवर त्याच तब्येतीनं वाजवत राहिला. सोडून देण्याची सवय ही म्हातारपणची तडजोड आहे असं मला वाटत नाही. ती असली तरच माणूस म्हातारपणापर्यंत वाजवतो.

लांब जायला नको, मिरजेच्या मीरासाहेब दर्ग्यात उरुसाच्या वेळी किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ सभा भरते, तिथं एक रात्र बसा. खाँसाहेब १९३७ साली गेले, दर्ग्याच्या आवारातच त्यांचं दफन आहे. किराणा घराण्याचा विलंबित, म्हणजे संथ लयीतला, ख्याल सुरू झाला की बारा मात्रांचं एक आवर्तन जवळजवळ मिनिटभर चालतं. गायकाकडे बघू नका, तबलजीकडे बघा. तो तासभर ठेका धरून बसलेला असतो. सम, म्हणजे आवर्तनाची पहिली मात्रा, आली की गायक जणू घराच्या उंबऱ्यावर पाय ठेवतो, आणि तो उंबरा तबलजीनं हलू दिलेला नसतो. ड्रम्सची शिकवणी मी कुठंच लावली नाही. माझी शिकवणी तीच.

आता तुमच्या हाताकडे येऊ. बावीस वर्षांनी हात परत येतो का? येतो. कॉलेजात तीन वर्षं वाजवलंय म्हणता, तर दोन-तीन महिन्यांत हात बराच मोकळा होईल. कान मात्र पुन्हा तयार करावा लागेल, आणि त्याला सेट लागत नाही. रबरी प्रॅक्टिस पॅड आणि ५ए मापाच्या काठ्यांची एक जोडी, एवढंच. मोबाइलमधला मेट्रोनोम, म्हणजे ठरल्या वेगानं टिकटिक देणारं अ‍ॅप, ६० वर लावा, म्हणजे सेकंदाला एक ठोका. उजवा, डावा, उजवा, डावा. सोपं वाटेल. मग ४० वर आणा. दोन ठोक्यांत दीड सेकंद. आता हात आधीच पडायला लागेल, कारण रिकामी जागा कुणालाच सोसत नाही. ती जागा काठीनं भरायची नाही, तोंडानं भरायची: ‘धा गे ना ती, न क धी न’. केरवा तालाचे हे आठ बोल म्हणत राहा आणि काठी फक्त समेवर टाका. हे महिनाभर केलंत आणि मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकलंत, तर तुम्हाला स्वतःबद्दल जे कळेल ते कुठल्याही मास्तरानं सांगितलेलं नसेल. ऐकताना लाज वाटेल. मला अजून वाटते.

नंतरची पायरी जरा खोडसाळ आहे. मेट्रोनोम ३० वर ठेवायचा आणि त्याचा ठोका तुमच्या दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडतोय असं धरून वाजवायचं. पहिली मात्रा कुणीच देत नाही, ती तुम्हीच सांभाळायची. पहिल्या दिवशी माझी चार मिनिटांत उलटीपालट झाली होती.

वेगाच्या मागं लागू नका. वेग हे मोकळ्या हाताचं उपउत्पादन आहे, साखरेबरोबर मळी मिळते तसं.

मनगटाची कळ. हे प्रश्नात शेवटी नव्हे, पहिल्या ओळीत यायला हवं होतं. मी डॉक्टर नाही, त्यामुळं जेवढं वादक म्हणून माहीत आहे तेवढंच सांगतो. वाजवून हात भरून येणं वेगळं आणि कळ येणं वेगळं. भरून आलेला हात रात्रीत मोकळा होतो. रात्री झोपेत अंगठा आणि पहिली दोन बोटं बधिर होत असतील, मुंग्या येत असतील, तर मनगटातली नस दाबली जात असू शकते. आधी हाडांच्या डॉक्टरांना दाखवा, मग पॅडला हात लावा. तसं काही नसेल तर बहुतेक वेळा दोष पकडीत असतो. काठी अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत झोका घेईल इतकीच धरायची, बाकीची बोटं नुसती सोबतीला. ठोका मारला की काठी आपोआप वर येते, तिला येऊ द्यायची. आपण तिला खाली दाबून पुन्हा उचलतो, म्हणजे एका ठोक्याला दोन मजुऱ्या. स्टूल बघा. मांड्या गुडघ्याकडे किंचित उतरत्या हव्यात. घरातल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसून पॅड मांडीवर घेऊन वाजवाल तर मनगट वाकडंच राहणार.

इथवरचं थोडक्यात: पॅड, काठ्या, मेट्रोनोम, नीट स्टूल. ७० हजारातले फार तर सात-आठ हजार गेले. उरलेले बँकेत.

आता सेट. तिसऱ्या मजल्यावर खरा सेट म्हणजे भांडण. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल आणि रात्री ४५ आहे, २००० सालच्या नियमानुसार. बंद खोलीत खरा सेट जोरात वाजला तर वादकाच्या कानाशी १०० च्या वर सहज जातो. गाद्या लावल्या, पडदे लावले, अंड्यांचे ट्रे चिकटवले, तरी किक भिंतीतून जाते. अंड्यांच्या ट्रेनं खोलीतला घुमारा जरा कमी होतो, शेजाऱ्याचं काही भलं होत नाही.

मग इलेक्ट्रॉनिक घेऊ, म्हणाल. जाळीच्या पॅडचा आवाज कमी असतो, हेडफोन लावता येतो, खरं आहे. पण दुकानदार एक गोष्ट सांगत नाही. आवाज हेडफोनमध्ये जातो, दणका स्लॅबमध्ये. किकचा पेडल तुम्हाला टप वाटतो, खाली दुसऱ्या मजल्यावरच्या आजींना तो कुणीतरी मुसळानं कांडतंय असा ऐकू येतो. माझ्या ओळखीच्या एका शिक्षकांनी यावर उपाय केला: प्लायवूडचे दोन तुकडे, मध्ये अर्धे कापलेले टेनिस बॉल, आणि त्या फळीवर सगळा सेट. दणका बराच कमी झाला. तरी रात्री नऊनंतर वाजवायचं नाही असा तह त्यांना करावा लागला, आणि दिवाळीला खालच्या मजल्यावर चकल्यांचा डबा जातो तो वेगळाच.

दुसरी उणीव मला जास्त टोचते. खऱ्या सेटवर हाय-हॅट हळू आणि स्नेअर जरा मोठा हा तोल हातानं राखावा लागतो. इलेक्ट्रॉनिकवर तो बटणानं जुळतो. दोन वर्षं बटणावर वाजवलेला माणूस खऱ्या सेटवर बसला की पहिल्या गाण्यात झांजेखाली गायक गाडला जातो. शिवाय जाळीवरची उसळी खऱ्या फ्लोअर टॉमपेक्षा जास्त असते, त्यामुळं तिथं हात उगाच हुशार वाटतो. म्हणून इलेक्ट्रॉनिक वाईट असं मी म्हणत नाही. फ्लॅटमध्ये दुसरा पर्याय नाही. फक्त आठवड्यातून एकदा कुठंतरी खऱ्या कातडीवर किंवा खऱ्या झांजेवर हात पडला पाहिजे.

आणि एक मधला मार्ग आहे जो तुम्ही विचारलाच नाही. कहोन. लाकडी खोका, त्यावरच बसायचं आणि पुढच्या फळीवर हातानं वाजवायचं, मूळचा पेरू देशातला. मध्यावर थाप दिली की किकसारखा, वरच्या कडेला दिली की स्नेअरसारखा. स्कूटरवर मावतो. पेटी आणि एक गळा असेल तर दुसरं काही लागत नाही.

ऑर्केस्ट्राचं स्पष्ट बोलतो, राग मानू नका. तुमच्या डोक्यात जो ऑर्केस्ट्रा आहे, पंधरा माणसं, मागं चौथऱ्यावर ड्रम्स, तो आपल्या जिल्ह्यात आता क्वचित दिसतो. आधी ऑक्टापॅड आला. आठ रबरी चौकोन, आणि कोंगो, तुंबा, ढोलक, ड्रम्स सगळं एका माणसात. चार वादकांची नाइट, म्हणजे एका रात्रीच्या कार्यक्रमाचं काम, एका पाकिटात गेली. मीही काही वर्षं पॅड वाजवला, नाही म्हणून सांगू कुणाला. नंतर ट्रॅकवर गाणं आलं, म्हणजे वादकच नको. जे काही काम उरलंय त्यात पॅडवाल्याला मागणी आहे, आणि त्याला केरवा, दादरा, भजनी, धुमाळी, लावणीचा ठेका डोळे मिटून यावा लागतो. नुसता रॉक बीट येणाऱ्याला आमच्याकडे एकाच गाण्याचं काम असतं. तेव्हा वर्षभरात नाइट मिळेल का, तर पोटासाठी असेल तर त्या भानगडीत पडू नका. नोकरी होती म्हणून मी गाणं पडेल तसं निवडू शकलो. ज्यांच्याकडे नव्हती त्यातले कितीतरी माझ्यापेक्षा सरस होते, आणि वाद्यं विकून बसले.

हौसेसाठी असेल तर मात्र गोष्ट वेगळी आहे, आणि इथंच ती दोन माणसं येतात. कुठं शोधायची? तुमच्या गल्लीत गुरुवारी किंवा एकादशीला भजनी मंडळ बसत असणार. तिथं जा. सेट, कहोन काही नेऊ नका, पहिले दोन महिने नुसते टाळ घ्या. पखवाजवाल्या बुवांच्या शेजारी बसून बघा, ते डाव्या बाजूला कणीक किती लावतात आणि अभंग चढला तरी लय कशी पळू देत नाहीत. मिरजेत चर्चमधले गट नाताळच्या महिनाभर आधीपासून सराव करतात, तिथं गिटार आणि कीबोर्ड असतातच, ठेक्याला माणूस हवा असतो. शाळेतले संगीत शिक्षक असतात. एक पेटी किंवा गिटार आणि एक गळा, एवढं जमलं की तुमचं पथक झालं. रविवारी सकाळी दोन तास, मुलीच्या खोलीत नको, ज्याच्या घराला अंगण आहे त्याच्या अंगणात. आमचं असं तिघांचं टोळकं गेली अकरा वर्षं चालू आहे. कार्यक्रम एकही नाही. चहाचे कप मात्र बरेच फुटलेत.

कानाबद्दल मी स्वतःवर रागावून लिहितोय. अमेरिकेतल्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेचा हिशेब असा: ८५ डेसिबल आवाजात दिवसाला आठ तास चालतील, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक, आणि १०० ला फक्त १५ मिनिटं. आमचा कार्यक्रम तीन तासांचा असायचा, डाव्या कानाशेजारी हाय-हॅट आणि मागं मंडळाच्या स्पीकरच्या भिंती. गणपतीत काही दिवस बारापर्यंत परवानगी, तेव्हा तर विचारूच नका. आता माझ्या डाव्या कानात रातकिडा आहे. बारा वर्षं झाली, गेला नाही, जाणारही नाही. दर्ग्यात विलंबित ऐकताना मी उजवा कान पुढं करून बसतो. म्हणून पहिल्या दिवसापासून कानात प्लग घाला, वादकांसाठीचे मिळतात, त्यात आवाज सगळीकडून सारखा कमी होतो. आणि हेडफोनचा आवाज बायकोनं दारातून हाक मारली तर कळेल इतकाच ठेवा. याचे दोन फायदे आहेत, दुसरा लग्न झालेल्यांना सांगायला नको.

सहा महिन्यांनी तुमची तिघं जमलेली असतील, अंगण मिळालेलं असेल, कळ गेलेली असेल, आणि तरीही खरा सेट हवाच वाटत असेल, तर खुशाल घ्या. नवा नको, जुना. २२ इंची किक, १४ ची स्नेअर, दोन टॉम, एक फ्लोअर, यापेक्षा जास्त काही आपल्याला लागत नाही. टॉमची कातडी काढून कडेवर बोट फिरवून बघा, खाचा नकोत. झांज उजेडासमोर धरा, कडेला केसासारखी चीर असेल तर ती वाढतच जाते. किकच्या लाकडाचे थर सुटलेत का बघा. नदीकाठच्या घरातला असेल तर २००५ किंवा २०१९ चं पाणी प्यायलाय का हे सरळ विचारा. माझी पहिली किक २००५ ला तशीच फुगून गेली. आता आयर्विन पुलापाशी ४० फूट झालं की मी घरातल्या कागदपत्रांच्या आधी सेट माडीवर चढवतो.

आणि हाय-हॅटचा क्लच आहे ना, तेवढं तिथंच उभं राहून बघा. वरची झांज दांड्याला धरून ठेवणारी ती टीचभर वस्तू. जतच्या एका जत्रेत आमचा क्लच टेम्पोत हरवला आणि मी सबंध रात्र सायकलच्या ट्यूबचा तुकडा बांधून वाजवली. सेट विकणारा माणूस सगळं देतो, तेवढं द्यायचं विसरतो.